मोटरचा कपॅसिटर बदलताना: नेमका कोणता घ्यायचा?

इंदुरात बऱ्याच भागांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेही ठरलेल्या वेळेला. नळ आले, हौद भरला, वरच्या टाकीत पाणी चढवायला बटण दाबलं आणि मोटर नुसती घूं घूं करत बसली, फिरेचना, हा प्रसंग रामबागेत काय नि सुदामानगरात काय, कुठल्याही घराला नवा नाही. अशा वेळी पुष्कळदा दोष निघतो तो कपॅसिटरचा, म्हणजे दुकानात ज्याला सगळे कंडेन्सर म्हणतात त्याचा. वस्तू स्वस्त, बदलायला अर्धा तास पुरे. पण घाईघाईत चुकीचा बसवला तर थोडक्यात मिटणारं काम वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या आतले तारेचे वेढे, जळण्यापर्यंत जातं. मग मोटर उचलून ‘मोटर बाइंडिंग’ची पाटी शोधत फिरावं लागतं, आणि पाण्याची पाळी हुकते ती वेगळीच.

सगळ्यांत जास्त नुकसान एका समजुतीने होतं. मोटर मंद वाटते ना, मग थोडा मोठा कंडेन्सर टाका, जोर येईल. ही समजूत चुकीची आहे. कपॅसिटरचा आकडा त्या मोटरच्या वाइंडिंगला बेतून ठरवलेला असतो. तो वाढवला म्हणून मोटरची ताकद वाढत नाही, वाढते ती मुख्यतः उष्णता. पुढचा सगळा लेख हा आकडा नीट ओळखण्याबद्दल आणि तो जुळवून आणण्याबद्दल आहे.

कपॅसिटर करतो काय

घरात येते ती सिंगल फेज वीज. एकाच वाइंडिंगला ती दिली तर मोटरमध्ये चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होतं, उलटसुलट होतं, पण गोल फिरत नाही. दाराला दोन्ही बाजूंनी सारख्याच जोराने ढकललं तर दार जागचं हलत नाही, तशी रोटरची, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाची, गत होते. म्हणून मोटरमध्ये दुसरं एक वाइंडिंग असतं, त्याला कारागीर स्टार्टिंग म्हणतात (पहिलं ते रनिंग), आणि त्याच्या वाटेत कपॅसिटर घालतात. कपॅसिटरमुळे या दुसऱ्या वाइंडिंगचा करंट पहिल्याच्या पुढे सरकतो. दोन करंटांच्या वेळांत फरक पडला की क्षेत्र फिरू लागतं आणि त्याच्यामागे रोटर.

हा फरक जितका हवा तितकाच पडावा आणि दोन्ही वाइंडिंगांचा जोर एकमेकांशी जुळावा, असा हिशेब करून कारखान्यात कपॅसिटरचा आकडा, म्हणजे मायक्रोफॅरड, ठरवतात. ते कमी पडले तर मोटर उठत नाही, उठली तरी भार घेताना दमते. जास्त झाले तर स्टार्टिंग वाइंडिंगमधून गरजेपेक्षा जास्त करंट वाहतो. ते वाइंडिंग बहुधा बारीक तारेचं असतं, त्यामुळे तापून आधी तेच जातं.

दोष कपॅसिटरचाच आहे ना?

मोटर घूं घूं करत असेल तर पाच-सात सेकंदांत बटण बंद करा. अडकलेली मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. ‘बघू या, सुरू होईल’ म्हणून बटण दाबून ठेवण्यात वाइंडिंगचा जीव जातो.

मग प्लग काढा आणि मोटरच्या मागच्या पंख्याकडून शाफ्ट हाताने फिरवून पाहा. काही मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच अंगाचे) पंपांना मागच्या टोकाला खाच असते, तीत स्क्रूड्रायव्हर घालून शाफ्ट फिरतो. शाफ्ट हलतच नसेल तर कपॅसिटरला हात लावायची गरज नाही. पंप बरेच दिवस बंद राहिला की इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी फेकणारं चाक, गंजाने किंवा क्षाराने चिकटतो. घरं उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद असतात, परत आल्यावर ही तक्रार हमखास येते. शाफ्ट मोकळा करा, बहुतेकदा मोटर त्याच कपॅसिटरवर सुरू होते.

शाफ्ट मोकळा फिरत असेल तर व्होल्टेज बघा. मोटर घूं घूं करत असताना तिच्या टर्मिनलवर मल्टीमीटर १८०च्या खाली दाखवत असेल तर गाठ व्होल्टेजशी आहे. पुरवठाच कमी असेल किंवा बोर्डापासून मोटरपर्यंतच्या वायरीत कुठे तरी जोड ढिला, काळा पडलेला असेल. मेन बोर्डावर २२५ आणि मोटरवर १७५ असं दिसलं तर वायरिंग तपासा.

छताच्या पंख्याची एक सोपी परीक्षा आहे. स्विच चालू ठेवून लाकडी काठीने पात्याला हलका धक्का द्या. ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला तो फिरू लागला तर स्टार्टिंगचं सर्किट मेलेलं आहे. कपॅसिटर गेला असेल किंवा ते वाइंडिंग तुटलं असेल. ही परीक्षा पंपावर करू नये. चालू पंपाच्या मागच्या जाळीत काडी, बोट, काहीही घालणं म्हणजे अपघाताला बोलावणं.

वाइंडिंग शाबूत आहे का, हे ओहमच्या रेंजवर कळतं. कपॅसिटर सोडवून मोटरच्या तीन तारा आपसात मोजा. कॉमन (दोन्ही वाइंडिंगांची सामाईक तार) आणि रनिंगमध्ये सगळ्यांत कमी ओहम, कॉमन आणि स्टार्टिंगमध्ये त्याहून जास्त, आणि रनिंग-स्टार्टिंगमध्ये दोघांची बेरीज. समजा ४, ७ आणि ११ असे आकडे आले, तर हिशेब जुळला. एखाद्या जोडीत मीटर काहीच दाखवत नसेल तर वाइंडिंग तुटलेलं आहे. तीनपैकी कुठलीही तार आणि मोटरची बॉडी यांच्यात ओहम दिसत असतील तर वाइंडिंग बॉडीला लागलं आहे. ती मोटर पुन्हा सुरू करू नका.

हात लावण्याआधी तो रिकामा करा

बटण बंद केलं, प्लग काढला, तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते. पंपाच्या कपॅसिटरवर चालताना तीन-चारशे व्होल्ट असतात. तो झटका जीवघेणा ठरू शकतो, आणि दचकून शिडीवरून पडलात तर वेगळीच इजा.

टर्मिनलांवर स्क्रूड्रायव्हर आडवा ठेवून ठिणगी काढायची सवय मोडा. टोक वितळतं, कपॅसिटरच्या आतल्या जोडाला धक्का बसतो आणि ठिणगी डोळ्यापर्यंत उडते. २० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेट केलेल्या वायरींना जोडून ठेवा आणि तो दोन्ही टोकांना दहा सेकंद धरा. ५० मायक्रोफॅरडचा कपॅसिटरसुद्धा याने पाच सेकंदांत जवळपास रिकामा होतो. रेझिस्टर नसेल तर होल्डरला लावलेला जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब चालतो, एलईडी चालत नाही. नंतर मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून आकडा शून्याजवळ आल्याची खात्री करा.

नुसत्या टेस्टरवर भिस्त ठेवू नका. जुन्या घरांत स्विच पुष्कळदा न्यूट्रलमध्ये लागलेला असतो, म्हणजे बटण बंद असूनही मोटरवर फेज जिवंत राहतो. प्लग बाहेर किंवा दोन्ही तारा तोडणारा डबल पोल एमसीबी खाली, यावाचून झाकण उघडू नका. हौदाजवळची फरशी ओली असते, पायात रबरी चप्पल असू द्या.

तारा सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. हे अर्ध्या मिनिटाचं काम टाळल्यामुळे पुढे रनिंगच्या जागी स्टार्टिंग लागतं.

जुन्यावरचं लिखाण वाचा

आता जुना कपॅसिटर ओल्या फडक्याने पुसून उजेडात धरा. एखाद्या एक हॉर्सपॉवरच्या पंपातल्या पांढऱ्या डबीवर साधारण असं दिसेल: २० एमएफडी, अधिक-उणे ५ टक्के, ४४० व्होल्ट एसी, ५० हर्ट्झ, २५/८५/२१, क्लास बी, पी२, आयएस २९९३, आणि खाली महिना-वर्ष. प्रत्येकाला अर्थ आहे.

एमएफडी म्हणजेच मायक्रोफॅरड. हा मूळ आकडा, तो जुळलाच पाहिजे. अधिक-उणे ५ टक्के याचा अर्थ नवा कपॅसिटर १९ ते २१च्या आत मोजला तर तो ठीक.

व्होल्टेजचा आकडा बऱ्याच जणांना कोड्यात टाकतो. घरात वीज २३० व्होल्ट, मग ४४०चा कशाला? कारण चालत्या मोटरमध्ये स्टार्टिंग वाइंडिंग स्वतःचं व्होल्टेज तयार करतं आणि ते पुरवठ्याशी मिळून कपॅसिटरच्या टोकांवर ३०० ते ४०० व्होल्ट उभे करतं. म्हणून ४४०च्या जागी २५०चा घातला तर तो थोड्याच दिवसांत फुगतो. उलट मूळ ४००चा असेल आणि ४४०चा बसवला तर काही बिघडत नाही, उलट बरंच. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, हा नियम पाठ असू द्या.

२५/८५/२१ यात मधला आकडा आपल्यासाठी मोलाचा. उणे २५ ते ८५ अंश तापमान आणि २१ दिवसांची दमट हवेची चाचणी, असा त्याचा अर्थ. बाजारात मधला आकडा ७० असलेलेही मिळतात. पंप गच्चीवर पत्र्याच्या पेटीत असेल आणि बाहेर मे महिन्याचे ४२-४३ अंश असतील, तर पेटीच्या आत किती होत असेल याचा अंदाज करा. तिथे ८५चाच घ्या. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे.

क्लास म्हणजे अपेक्षित आयुष्य. ए म्हणजे ३०,००० तास, बी म्हणजे १०,०००, सी म्हणजे ३,००० आणि डी म्हणजे १,०००. दिवसाआड अर्धा तास चालणाऱ्या पंपाला सी पुरतो. उन्हाळाभर चालणाऱ्या कूलरला किंवा घरघंटीला बी मागा. या एका अक्षराची चौकशी गिऱ्हाईक सहसा करत नाही, आणि खरा फरक तिथेच असतो.

पी२ हा सुरक्षेचा दर्जा. नव्या डब्यांवर त्याऐवजी एस अक्षराचा दर्जा दिसतो. ॲल्युमिनियमच्या डबीत आतला दाब वाढला की वरचं झाकण वर उचललं जातं आणि आतली तार तुटून सर्किट सुटतं, अशी ती रचना. म्हणून असा कपॅसिटर बसवताना टर्मिनलच्या वर बोटभर मोकळी जागा ठेवावी लागते. छोट्या पेटीत दाबून कोंबला किंवा वरून घट्ट टेप गुंडाळली, तर झाकणाला उचलायला जागाच उरत नाही आणि सुरक्षेची ती सोय वाया जाते.

आयएस २९९३ हे मोटर कपॅसिटरचं भारतीय मानक, आणि छताच्या पंख्यांच्या कपॅसिटरसाठी आयएस १७०९. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आहे का, तेही बघा. क्रमांक नसलेल्या चिन्हाला काही किंमत नाही.

स्टार्टिंगचा की रनिंगचा?

चुकांपैकी महागडी चूक इथे होते. मोटर कपॅसिटर दोन जातींचे असतात आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

रनिंग कपॅसिटर मोटर चालू असेपर्यंत सर्किटमध्ये राहतो. आत पॉलिप्रॉपिलीनच्या पातळ पट्टीवर धातूचा थर असतो. आकडा लहान, पंख्याला अडीच, पंपाला दहा ते पन्नास, आणि व्होल्ट ४४०च्या आसपास. स्टार्टिंग कपॅसिटर फक्त सुरुवातीच्या क्षणभरासाठी. काळी प्लॅस्टिकची किंवा बेकेलाइटची डबी, आकडा मोठा आणि पट्ट्यात दिलेला, उदाहरणार्थ १००-१२० किंवा १५०-२०० मायक्रोफॅरड, व्होल्ट २५०-२७५. हा आतून इलेक्ट्रोलायटिक असतो. तीन-तीन सेकंदांचे तासाला वीसेक स्टार्ट, इतकंच काम त्याला झेपतं. तो सतत सर्किटमध्ये राहिला तर काही मिनिटांत उकळून फुटतो.

त्याला वेळेवर बाहेर काढण्याचं काम सेंट्रिफ्यूगल स्विच करतो. मोटरने सुमारे तीन चतुर्थांश वेग घेतला की तो उघडतो. म्हणून स्टार्टिंग कपॅसिटर जळाला तर नवा बसवण्याआधी हा स्विच तपासा. मोटर बंद केल्यावर ती थांबत येताना ‘टक्’ असा आवाज येतो, तो स्विच परत बसल्याचा. तो आवाज येत नसेल किंवा सुरुवातीचं जड गुरगुरणं थांबतच नसेल, तर स्विच चिकटलेला आहे. घरघंटीत पिठाची पूड जाऊन हे फार होतं. पूड साफ करा, कॉन्टॅक्ट घासा, नाहीतर महिन्या-महिन्याला नवा कपॅसिटर घ्यावा लागेल.

काही मोटरांत, विशेषतः बोअरच्या सबमर्सिबल पॅनलमध्ये, दोन्ही असतात. काळा स्टार्टिंगचा, पांढरा किंवा ॲल्युमिनियमचा रनिंगचा. दोघांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या.

टीव्ही, यूपीएस किंवा जुन्या स्टॅबिलायझरमधून काढलेला अधिक-उणे खूण असलेला डीसी कपॅसिटर मोटरला कधीही लावू नका. एसीवर तो फुटतो, आणि फुटताना आतलं रसायन तोंडावर उडतं.

मोजायचं कसं

डबी फुगली असेल, तेल झिरपलं असेल, टर्मिनल काळं पडलं असेल तर मोजण्यात वेळ घालवू नका, बदला. बाहेरून ठीक दिसतो म्हणून तो ठीकच, असं मात्र नाही. रनिंगच्या कपॅसिटरमधल्या पातळ पट्टीला बारीक छिद्र पडलं की त्याभोवतीचा धातू वाफ होऊन उडतो आणि छिद्र आपोआप बंद होतं. कपॅसिटर वाचतो, पण प्रत्येक वेळी थोडासा आटतो. वर्षानुवर्षं असं होत होत २० मायक्रोफॅरडचा १५ होतो, आणि डबीवर ओरखडाही नसतो.

कपॅसिटरची रेंज असलेला मल्टीमीटर हवा. स्वस्त मीटर पुष्कळदा २० मायक्रोफॅरडपर्यंतच मोजतात. स्टार्टिंगच्या कपॅसिटरसाठी निदान २०० पाहिजे. निदान एक तार सोडवून, रिकामा करून मोजा. लेबलच्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून कमी भरला तर मी तो बदलतो. पाच ते दहाच्या मधे असेल तर मोटर कशी चालते त्यावर ठरवतो.

क्लॅम्प मीटर असेल तर चालत्या मोटरवर मोजणं जास्त खात्रीचं, कारण खऱ्या व्होल्टेजखाली कपॅसिटर काय करतो ते कळतं. कपॅसिटरच्या एका तारेभोवती क्लॅम्प लावून करंट घ्या आणि त्याच्या दोन टोकांवरचं एसी व्होल्टेज घ्या. ५० हर्ट्झवर सूत्र असं: मायक्रोफॅरड म्हणजे ३१८३ गुणिले ॲम्पिअर भागिले व्होल्ट. समजा टोकांवर ३१० व्होल्ट आणि करंट १.५५ ॲम्पिअर आला. ३१८३ गुणिले १.५५ म्हणजे ४९३४, त्याला ३१० ने भागलं की जेमतेम १६. लेबल २०चं असेल तर वीस टक्के गेले. चांगल्या कपॅसिटरने तिथे १.९५ ॲम्पिअर दाखवला असता. हे काम चालू विजेवर आहे. ज्याला याची सवय आहे त्यानेच करावं, बाकीच्यांना सोडवून मोजणं पुरेसं आहे.

लेबलच पुसलं गेलं असेल तर

हा खरा पेच. सगळ्यांत आधी मोटरची नावाची पट्टी खरडून पाहा. पुष्कळ पंपांच्या पट्टीवर हॉर्सपॉवर, ॲम्पिअर यांच्याबरोबर कपॅसिटरचा आकडा आणि व्होल्ट कोरलेले असतात. मॉडेल नंबर वाचता आला तरी कंपनीच्या माहितीपत्रकात तो सापडतो. शेजारी तीच मोटर असेल तर तिचं झाकण उघडून बघण्यात कमीपणा नाही.

मोटर मधे कधी रिवाइंड झाली असेल तर पट्टीवरचा आकडाही सांभाळून घ्यावा. वेढे किंवा तारेचा गेज बदलला तर कपॅसिटरही बदलतो. ज्याने बाइंडिंग केलं त्यालाच विचारा. चांगला कारागीर वहीत लिहून ठेवतो.

काहीच मिळालं नाही तर ढोबळ पट्टे असे धरता येतात. छताच्या पंख्याला बहुधा २.५, काही पंख्यांना ३.१५ किंवा ४. अर्ध्या हॉर्सपॉवरच्या घरगुती पंपाला दहाच्या आसपास, एक हॉर्सपॉवरला २० ते २५. हे नुसते सुरुवात करायचे आकडे आहेत, यांच्या भरवशावर मोटर सोडून द्यायची नाही. पट्ट्याच्या खालच्या टोकापासून सुरू करा. पंपाला पाणी भरून नेहमीच्या भारावर चालवा आणि मेन तारेचा करंट मोजा. मग एक पायरी वरचा कपॅसिटर लावून पुन्हा मोजा. आकडा योग्य असतो तिथे एकूण करंट सर्वांत कमी भरतो. त्याच्या पुढे गेलात की तो पुन्हा चढू लागतो आणि मोटरची गुणगुण जाड होते. करंट पट्टीवरच्या ॲम्पिअरच्या आत राहिला पाहिजे आणि कपॅसिटरच्या टोकांवरचं व्होल्टेज त्याच्या लेबलच्या आत. ही जुळवाजुळव मीटरशिवाय, नुसत्या कानाने करू नये.

दुकानात

महाराणी रोडवर विजेच्या सामानाची दुकानं एकाला एक लागून आहेत, तरीही हवा तोच आकडा पहिल्याच दुकानात मिळेल असं नाही. मग काउंटरपलीकडून येतं, “बीस का नहीं है, पच्चीस का दे दूँ? और अच्छा चलेगा.” अशा वेळी पुढच्या दुकानात जा. २०ला २५ म्हणजे पंचवीस टक्के जास्त. ३६च्या जागी ३५ किंवा साडेबाराच्या जागी १२ चालतो, कारण तो फरक पाच टक्क्यांच्या आत बसतो.

नेमका आकडा मिळत नसेल आणि पाण्याची वेळ झाली असेल, तर दोन कपॅसिटर समांतर जोडून बेरीज करता येते. १० आणि १० मिळून २०, २५ आणि १० मिळून ३५. दोघांचेही व्होल्ट पूर्ण ४४० हवेत; समांतर जोडल्याने व्होल्टची बेरीज होत नाही. एकापुढे एक जोडले तर उलट होतं, ५०चे दोन मिळून २५च उरतात. पेटीत जागा असेल तर समांतर जोड कायमचाही ठेवता येतो.

आणखी चार गोष्टी तिथेच बघून घ्या. जुना कपॅसिटर सोबत न्या, म्हणजे डबीची उंची, खालचा बोल्ट आणि टर्मिनल जुळतात का ते कळेल. तयार होण्याची तारीख वाचा. स्टार्टिंगचा इलेक्ट्रोलायटिक तर वर्षानुवर्षं कपाटात पडून सुकतो, तो ताजाच घ्यावा. दुकानदाराकडे मीटर असतो, तुमच्यासमोर मोजून द्यायला सांगा. आणि छापील अक्षरं नखाने घासून पाहा: शाई लगेच निघत असेल, आकडे वाकडे छापले असतील, तर परत करा. जुन्या डब्यांवर नवे स्टिकर लावून विकलेले माल बाजारात असतात.

बसवल्यावर

रनिंग कपॅसिटरला अधिक-उणे नसतं, दोनपैकी कुठलीही तार कुठेही चालते. फोटोप्रमाणे जोडा. तारा पिळून टेप लावण्यापेक्षा टोकांना थिंबल (धातूचं छोटं टोपण) दाबून बसवा. ढिला जोड तापतो आणि त्याची उष्णता थेट कपॅसिटरला पोचते. धातूची डबी असेल तर ती अर्थिंग असलेल्या बॉडीला घट्ट आवळा. कपॅसिटर मोटरच्या अंगाला चिकटून तापत असेल तर बोर्डाजवळच्या पेटीत न्यायला हरकत नाही, फक्त वायर पुरेशा जाडीची घ्या.

मोटर एक-दोन सेकंदांत वेग घेते की नाही बघा. करंट पट्टीशी ताडा. अर्ध्या तासाने बंद करून, प्लग काढून, कपॅसिटर रिकामा करून त्याच्या डबीला हात लावा: कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर काही तरी चुकलं आहे. मोटर उलटी फिरत असेल किंवा पाणी कमी फेकत असेल तर स्टार्टिंग आणि रनिंगच्या तारा अदलाबदल झाल्या असण्याची शक्यता मोठी. लगेच बंद करा, कारण त्या अवस्थेत बारीक वाइंडिंगवर पूर्ण भार येतो.

नवा कपॅसिटरही दोन-चार महिन्यांत गेला तर तिसरा आणण्याआधी कारण शोधा. रात्री व्होल्टेज २५०च्या वर जातं का? हौदातल्या पाइपच्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह गळून पंप कोरडा चालतो का? टाकीचा फ्लोट स्विच मिनिटा-मिनिटाला चालू-बंद करतो का? पेटीत पावसाचं पाणी शिरतं का?

पंखे आणि कूलर

पंखा सगळ्या नंबरांवर मंद असेल तर कपॅसिटर मोजा. २.५चा १.६ झालेला सापडणं नेहमीचं. एक-दोन नंबरांवरच मंद असेल तर रेग्युलेटर बघा, इलेक्ट्रॉनिक स्टेप रेग्युलेटरमध्येही कपॅसिटरच असतात आणि तेही आटतात. अडीचच्या पंख्याला ४चा घालून वेग वाढवायचा प्रकार सर्रास चालतो. काही दिवस वारा जास्त लागतो, मग मोटरचं झाकण तापू लागतं आणि वाइंडिंगचं वार्निश जळल्याचा वास येतो. बीएलडीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या, पंख्यांत हा कपॅसिटर नसतोच, तिथे दोष असला तर सर्किट बोर्डात.

बऱ्याच एअर कंडिशनरमध्ये एकाच डबीत दोन कपॅसिटर असतात आणि वर तीन टर्मिनल: कॉमन, कॉम्प्रेसर आणि फॅन. लेबलवर ४५ अधिक ५ असे दोन आकडे असतात, दोन्ही जुळले पाहिजेत. तारांची अदलाबदल झाली तर लहान पंख्याच्या मोटरला ४५ मायक्रोफॅरड मिळतात आणि ती जळते. हे काम जाणकाराकडून करून घ्या, पण नवा पार्ट लावताना लेबल स्वतः वाचा.

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, झाली की घरोघरी कूलर माळ्यावरून खाली येतात. पाणी भरण्याआधी तेव्हाच पंख्याच्या मोटरचा कपॅसिटर मोजून घ्या. आत पाणी फेकणारा छोटा पंप असतो त्याला बहुधा कपॅसिटर नसतो, तो अडला तर त्याचा इम्पेलर धुवा. मोजलेला आकडा आणि तारीख मार्करने मोटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहा, आणि पाण्याच्या पंपाच्या पेटीतही तसंच करा. लेबल पुसलं गेलं तरी पुढच्या वेळी आकडा शोधत बसावं लागणार नाही.